नागपूरच्या छतासाठी कोणतं रक्त: जान्सेन की मद्रासी होमर?

पावसाळा सरत आला की दरवर्षी दोन-तीन मुलांचे फोन येतात, "दादा, जोडी कोणती घेऊ?" उडानी कबुतरं त्यांनी पाळलेली असतात, छत असतं, घरचे कसेबसे तयार झालेले असतात. आता शर्यतीचं पाखरू हवं असतं. पैसे मात्र एकाच घराण्यापुरते असतात. तेवढ्यात एक तर वंशावळीचा कागद असलेली जान्सेन जोडी येते, नाही तर चेन्नईच्या जुन्या होमरच्या, म्हणजे लांबून घरी परतणाऱ्या कबुतरांच्या, चार जोड्या. त्यांना आमच्याकडे सरसकट मद्रासी म्हणतात. मी दोन्ही पाळली, सहा हंगाम, नागपूरच्या नंदनवन भागातल्या एकाच छतावर आणि एकाच दाण्यावर. तुमच्या छतावर याहून वेगळं दिसू शकतं, हे आधीच मान्य करतो.

जान्सेनचं नाव उगाच झालेलं नाही. बेल्जियममधल्या आरेंडोंक गावच्या या भावांनी बाहेरचं रक्त क्वचितच आत घेतलं आणि पिढ्यानपिढ्या आपल्याच पाखरांतून निवड केली. त्यांचा 'मर्क्स' हा नर घ्या की '०१९' घ्या, मधल्या पल्ल्याच्या कितीतरी नामांकित युरोपीय घराण्यांत मागे जाऊन पाहिलं तर यांपैकी कोणीतरी भेटतोच. पाखरू हातात घेतलं की फरक लगेच कळतो. पीस इतकं मऊ की बोटांतून निसटतं, अंग मध्यम, पाठ घट्ट. दीडशे किलोमीटरच्या आत, आभाळ स्वच्छ असताना, माझ्याकडच्या एकाही मद्रासीने हवेत जान्सेनला मागे टाकलेलं मला आठवत नाही.

पण इथे 'जान्सेन' म्हणून जे विकलं जातं ते सगळं जान्सेन असेलच असं नाही. कागद पाहताना एक साधी गोष्ट तपासा. आई-बाप दोघंही निळे लिहिलेले आहेत आणि समोरचं पाखरू लाल आहे, शेपटी फिकट राखी आहे, तर तो कागद त्या पाखराचा नाही. हा राखी-लाल रंग निळ्यावर चढणारा आहे, दोन निळ्यांच्या पोटी तो येत नाही. याच नियमाचा घरीही उपयोग होतो. निळ्या नराला राखी-लाल मादी लावली तर लाल निघालेली पिल्लं नर आणि निळी पिल्लं मादी. घरट्यातच कळतं, चार महिने वाट पाहावी लागत नाही. २०२० साली न्यू किम नावाची बेल्जियन मादी १६ लाख युरोंना विकली गेली, ती बातमी दाखवून आपल्याकडे भाव वाढवणारे पुष्कळ भेटतात. न्यू किम स्वतः शर्यती मारलेली मादी होती. आपल्याला दाखवतात ते तिच्यासारख्या कोणाच्या तरी चुलत पणतीचे कागद.

आता ज्या गोष्टीवर माझा निर्णय ठरला त्याकडे येतो.

आमच्या मंडळींत शर्यतीसाठी पायात घातलेली रबरी कडी काढून तिचा नंबर नोंदवल्याशिवाय वेळ धरत नाहीत. पाखरू नागपुरावर कधी आलं याला अर्थ नाही, ढाबळीत कधी शिरलं त्याला आहे. फेब्रुवारीतला रविवार होता. सिवनीहून ७ वाजून ५ मिनिटांनी पाखरं सुटली. तिथून माझं छत हवेतून साधारण ११४ किलोमीटर. ८ वाजून ४० मिनिटांनी माझा निळा जान्सेन नर कामठीच्या बाजूने आला, पंख अर्धे मिटून, सरळ रेषेत. ९५ मिनिटं, म्हणजे मिनिटाला १२०० मीटर. मी कडी काढायला उभाच होतो. तो माझ्या डोक्यावरून गेला आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसला.

ती टाकी आमच्या ढाबळीपेक्षा दीड पुरुष उंच आहे. तिच्यावर तो पंख सारखे करत बसला. डबा वाजवला, शेंगदाणे दाखवले, पांढरा लक्का, म्हणजे पंख्यासारख्या शेपटीचं कबुतर, अंगणभर फिरवला. लक्का खाली फिरताना पाहून वरचं पाखरू उतरतं म्हणतात, आणि बहुतेक उतरतंही. हा मान वाकडी करून पाहत राहिला. ८ वाजून ४४ मिनिटांनी मद्रासी मादी आली, टाकीकडे न पाहता फळीवर उतरली आणि जाळीतून आत गेली. तिची कडी काढून नोंद झाली तेव्हा निळा नर अजून वरच होता. तो ८ वाजून ५१ मिनिटांनी उतरला. हिशेब केला तर मादीचा वेग मिनिटाला ११५१ आला आणि त्याचा १०७५. हवेत चार मिनिटं पुढे असलेलं पाखरू कागदावर सात मिनिटं मागे गेलं.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. तो हंगामभर बसला आणि त्याची पिल्लंही बसली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दाणा अर्धा केला. मादीपासून वेगळा ठेवून फक्त परतल्यावर भेटू द्यायची युरोपातली रीतही करून पाहिली. पहिल्या दोन वेळा बाणासारखा आत आला, तिसऱ्या वेळी पुन्हा टाकी. आणि टाकीवर बसण्याने फक्त मिनिटंच जात नाहीत. त्याच हंगामात त्याची एक लेक, रामटेकहून आलेली, दमलेली, टाकीवर बसलेली असताना शिकऱ्याने माझ्या डोळ्यांसमोर उचलली. घर वीस फुटांवर होतं. ते अजून जिव्हारी लागलेलं आहे.

नागपूरच्या महाल भागात एक जुने पाळणारे काकाजी आहेत. त्यांना सगळं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "पाखरू उडते चांगलं, पन आत काऊन नाई जात, हे त्याच्या बापाले विचार." तोवर मी ही शिकवणुकीतली चूक समजत होतो. त्यांच्या बोलण्यावरून अंड्यांची अदलाबदल केली. दोन्हीकडच्या जोड्यांनी एका दिवसाच्या अंतराने अंडी दिली की जान्सेनची अंडी मद्रासीखाली आणि मद्रासीची जान्सेनखाली, अशा तीन खेपा. अठराव्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघाली, सातव्या दिवशी कड्या घातल्या, चार आठवड्यांनी दाणा टिपू लागल्यावर सगळी एकाच खणात. जाळी तीच, डबा तोच, हाकही तीच.

जान्सेनच्या रक्ताची पाच पिल्लं उडेपर्यंत टिकली. त्यातली तीन टाकीवर बसायला लागली, आणि ती मद्रासी आईच्या चोचीतलं दूध पिऊन वाढलेली होती. मद्रासी रक्ताच्या पाचांपैकी एकच कधीमधी बसायचं. पाच-पाच पाखरांवरून नियम मांडता येत नाही हे मला कळतं. शिवाय एकाला बसलेलं पाहून दुसरं बसतं, तेही त्यात असणारच. कदाचित हा दोष सगळ्या जान्सेनचा नसून माझ्या एका निळ्या नराचाच असेल. वर्ध्याच्या एका मित्राकडची जान्सेन मुकाट आत जातात, पण त्याच्या छताच्या आसपास उंच काही नाही. नागपुरात आता असं छत कुठे राहिलंय? चारी बाजूंना टाक्या, टॉवर आणि अर्धवट बांधलेले मजले.

मद्रासीत दोष नाहीत असं नाही, आणि ते घेण्याआधी माहीत हवेत. अंगाने जड, नाकावरचा पांढरा फुगवटा मोठा, छोट्या पल्ल्याला उशिरा तापणारं पाखरू. कागद बहुधा नसतोच, "अमक्याच्या जुन्या लाल मादीची नात" एवढीच वंशावळ. एका खेपेत सोनं निघतं तर पुढच्या खेपेत माती. कारण मागे शंभर हातांनी शंभर जोड्या लावलेल्या असतात. घेताना चार जोड्या घ्या म्हणतो ते यासाठीच. दोन वर्षांत त्यातली एक जोडी तुम्हाला स्वतःहून दिसेल, बाकीच्या दुसऱ्याला द्या.

पण या पाखरांमागे आपल्या हवेतल्या पिढ्या आहेत. बेल्जियन होमर आपल्या देशाला नवा नाही. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडची कबुतरं घेऊन संदेश पोचवायला सुरुवात केली, तेही बेल्जियन होमरच होते. मद्रासीच्या मुळाशीही बाहेरून आलेलं रक्तच आहे, फक्त इथल्या उन्हाने, घारींनी आणि ससाण्यांनी त्याची निवड केली आहे. चेन्नईची हवा दमट आणि आपली कोरडी, हा फरक त्यांनाही पहिल्या वर्षी जाणवतो. तरी माझ्याकडे एप्रिल-मेच्या खेपेत सगळ्यात जास्त पिल्लं कवचात मेली ती जान्सेनची. झळांनी अंड्याची आतली पापुद्री चिवट होते, पिल्लाला ती फोडता येत नाही. ढाबळीच्या पश्चिमेला वाळ्याची ताटी बांधली आणि रोज सकाळी आंघोळीला पसरट पाट ठेवला. आई-बाप ओल्या पोटाने अंड्यांवर बसले की फरक पडतो. आता मी उन्हाळ्यात जोड्याच लावत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दोन खेपा, बस्स. त्यातही संक्रांतीच्या आगेमागे पंधरा-वीस दिवस एकही पाखरू बाहेर काढत नाही. नायलॉन मांजाला रक्त कळत नाही.

कोणी विचारेल, लांब पल्ल्याची डच घराणी का नाहीत? यान आर्डनच्या रक्ताची एक मादी माझ्याकडे होती. चिवट पाखरू, संध्याकाळ झाली तरी उडत राहणारं, बार्सिलोनासारख्या हजार किलोमीटरच्या शर्यतींसाठी घडलेलं. ते वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उमलतं. आमच्या बहुतेक शर्यती जबलपूरच्या अलीकडच्या, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आतल्या. तेवढ्यासाठी तीन वर्षं थांबणं नव्या माणसाला परवडत नाही.

तर मला विचाराल तर पाया मद्रासीचा ठेवा, आणि त्यातही मादीकडून. आपल्याच छतावर दोन हंगाम न चुकता, न बसता आत गेलेल्या मादीच्या लेकी राखा. आजोबा-नात किंवा सावत्र भाऊ-बहीण असं जवळचं रक्त धरून एक-दोन पिढ्या बांधा. सख्खी भावंडं लावू नका. मी एकदा लावली, अर्धी अंडी गार निघाली आणि जी पिल्लं निघाली त्यांचं अंग भरलंच नाही. पाया बसला की मग एक चांगला जान्सेन नर आणून त्यावर चढवा. पहिल्या पिढीत वेग येतो, आणि माझ्या अनुभवात बसण्याची खोड बऱ्यापैकी उतरते. ही मिश्र पिल्लं उडवायला उत्तम, पण त्यांची आपसात जोडी लावू नका. पुढच्या पिढीत प्रत्येक पिल्लू वेगळीकडे जातं आणि बांधलेलं सगळं विस्कटतं. त्यांना परत मूळ मद्रासी रक्ताकडेच न्या.

ज्यांचं छत आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच आहे, खिशाला जोर आहे आणि पल्ला दीडशेच्या आतच ठेवायचा आहे, त्यांनी जान्सेन खुशाल घ्यावं. फक्त घेण्याआधी विकणाऱ्याच्या छतावर एक सकाळ उभे राहा. जोडीतल्या नराची उडती पिल्लं दहा-पंधरा किलोमीटरवरून सोडायला सांगा आणि ती घरी आल्यावर काय करतात ते पाहा. डोळे, पंख, कागद नंतर बघू. दाखवायला नाही म्हणाला तर जोडी घेऊ नका.

निळा नर मी विकला नाही. त्याच्या पंखात जे आहे ते माझ्या दुसऱ्या कुठल्याच पाखरात नाही. या नोव्हेंबरात तो त्याच मद्रासी मादीला लावलाय, फेब्रुवारीतल्या त्या सकाळी फळीवर सरळ उतरलेली ती. दोन्ही पिल्लं निघाली, कड्या घालून झाल्या. संक्रांतीचा मांजा आभाळातून उतरला की आधी कामठीहून सोडीन, मग मनसरहून, आणि जाळीपाशी उभा राहून टाकीकडे बघीन.