१०० टनी प्रेस ब्रेक: आठ महिने वापरल्यानंतर

आमचं नाशिकच्या सातपूरला छोटं शेड, काम इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्यांचं. मार्चमध्ये १०० टनी, अडीच मीटरचा हायड्रॉलिक प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, घेतला. नव्याची नवलाई संपली, आता लिहितो.

पहिले दोन महिने कोनावरून मशीनला शिव्या दिल्या. ९० अंशाला लावावं तर एमएस (साधं पोलाद) ९१ वर येऊन थांबे, एसएस ३०४ (स्टेनलेस) चक्क ९३ वर. याला स्प्रिंगबॅक म्हणतात हे माहीत होतं, पण पैसे भरल्यावर मशीनने ते आपोआप सांभाळावं अशी आपली अपेक्षा असते! पंच, म्हणजे वरून दाबणारं हत्यार, उचलला की पत्रा थोडा परत उघडणारच. एसएसला आता ८७ वर घेतो. तरी एका लॉटला कोन बसे, दुसऱ्याला नाही. शेवटी ऑपरेटर काका म्हणाले, "शेठ, आधी पत्र्याला मायक्रोमीटर लावा." लावला. २ मिमी म्हणून घेतलेला पत्रा १.८६ निघाला. पत्रा पातळ की पंच तेवढ्याच खोलीला कमी वाकवतो, कोन उघडा राहतो. तेव्हापासून प्रत्येक लॉटचा पहिला बेंड कात्रणावर.

अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटांनी वेगळाच इंगा दाखवला. ५ मिमी पत्रा, ६०६१-टी६ ही कडक प्रत. बेंडच्या बाहेरच्या अंगाला आधी संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, मग बारीक तडा. डोळ्याला दिसत नव्हता, नखाला लागत होता. दोष मशीनचा नव्हताच. टी६ इतक्या आवळ बेंडला तयार होत नाही. त्याऐवजी सहज वाकणारी ५०५२-एच३२ प्रत घेतली, बेंडची रेघ रोलिंगच्या (पत्रा लाटल्याच्या) दिशेला आडवी ठेवली, तडे थांबले.

डायबद्दल, म्हणजे पत्र्याखालच्या खाचेच्या ठोकळ्याबद्दल, एकच सांगतो. ३ मिमी एमएसला २४ मिमी रुंदीचा व्ही (खाच) लावला तर मीटरला साधारण २५ टन लागतात. पोराने घाईत १६ चाच ठेवून पूर्ण लांबीचा पत्रा घातला. मीटरला ३७, म्हणजे अडीच मीटरला ९३ टन! मशीन असं कण्हलं की शेजारच्या शेडमधून माणसं आली.

खरी तक्रार वेगळी आहे. सव्वादोन मीटरच्या दाराला दोन्ही टोकांना गुण्या चपखल बसतो, मधे मात्र कोन ९२. सिलिंडर टोकांना, त्यामुळे दाब आला की मधे बेड (डाय बसतो तो खालचा भाग) खाली झुकतो आणि रॅम (पंच धरणारा वरचा भाग) वर. याला क्राउनिंग, म्हणजे मधला हा झोल भरून काढणारी सोय, लागतं, आमच्या मशीनला ते नाही. विकणारा म्हणाला होता, "तुम्हाला गरज नाही पडणार." डायखाली मध्यभागी कागदाच्या पट्ट्या रचून भागवतो. पाचव्या महिन्यात डावीकडचं सील गळलं, माणूस यायला अकरा दिवस लागले, तेही चालवून घेतलं.

डेमोला जाल तर स्वतःचा पत्रा न्या, पूर्ण लांबीचा, आणि गुण्या मधे लावा. क्राउनिंग मागाहून बसवायची किंमत विचारली होती. ती ऐकून तूर्तास कागदाच्या पट्ट्याच बऱ्या.