इंटरनेट कॉल की कॉलिंग कार्ड?
परदेशातील नातेवाइकाचा स्थलांतराचा अर्ज प्रलंबित असताना महिनोन्महिने संपर्क ठेवावा लागतो, आणि तेव्हा व्हॉट्सॲपसारखा इंटरनेट कॉल स्वस्त पडतो, कारण मिनिटागणिक आकारणी न होता केवळ डेटा खर्च होतो. शिवाय २०१६ पासून त्यावर व्हिडिओ कॉलही करता येत असल्याने अर्जातील चुकलेली नोंद थेट दाखवता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. नात्याचा पुरावा मागितला गेल्यास कॉलच्या नोंदीही उपयोगी पडतात, म्हणून त्या वेळीच जपून ठेवाव्यात. कॉलिंग कार्ड म्हणजे आधीच पैसे भरून घेतलेले, परदेशी फोन करण्याचे कार्ड; त्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे साधा फोन वापरणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठी मी तेच सुचवेन. परंतु जोडणी शुल्क, पूर्ण मिनिटांत होणारी आकारणी आणि मर्यादित मुदत यांमुळे छापील दर फसवा ठरू शकतो.