केटामाइन की सायलोसायबिन?

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी या दोहोंपैकी पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताशी आज आहे ते केटामाइनच. मूळचं भुलीचं औषध. साधारण 40 मिनिटं सलाइनमधून देतात, दंडाला बीपीचा पट्टा असतोच. काही तासांत बरं वाटू लागतं, पण तो उतार बहुधा काही दिवसच टिकतो. शिवाय सवय लागायची धास्ती.

काही मशरूममधल्या सायलोसायबिन या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचं सत्र साधारण सहा-आठ तासांचं, थेरपिस्ट सतत शेजारी. आधी तयारी, नंतर बोलणं. आपल्या ओपीडीच्या गर्दीत एवढा वेळ देणार कोण? परिणाम जास्त टिकतो, असं चाचण्यांत दिसतंय खरं. ऑस्ट्रेलियाने 2023 मध्ये ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना परवानगी दिली. आपल्याकडे मात्र एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदीच. माझा कौल सध्या केटामाइनला, तोही फक्त हॉस्पिटलात.