१५०-६०० लेन्स, नऊ महिने, सोलापूर: शर्यतीच्या फोटोंसाठी घेतलेल्या तोफेचा अनुभव

आधीच सांगतो, लेन्सच्या कंपनीचं नाव लिहिणार नाही. माझी दुसऱ्या हातची आहे, आणि आधीच्या मालकाने ती कुठे कुठे आपटली देव जाणे. त्यामुळे खालच्या तक्रारींत कंपनीचा वाटा किती आणि त्या माणसाचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. १५० ते ६०० मिलिमीटर, लांब टोकाला छिद्र एफ ६.३ (हा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक), पुढे ९५ मिलिमीटरचा फिल्टर, वजन दोन किलोच्या आसपास. या मापाच्या लेन्स दोन-तीन कंपन्यांच्या मिळतात आणि वापरायला थोड्याफार फरकाने सारख्याच. मला ५२ हजारांना पडली. मार्चच्या शेवटी आणली, आता डिसेंबर चालू आहे.

पक्ष्यांसाठी घेतलेली नाही. सोलापुरात खांद्यावर एवढी लेन्स दिसली की प्रश्न ठरलेला: "नान्नजला माळढोक दिसला का?" नाही दिसला, मी त्या अभयारण्यात गेलोच नाही. मित्राने पहिल्या दिवशी बघून विचारलं, "काय बे, तोफ कुणावर डागणार?" मला शर्यतीचे फोटो काढायचे असतात. त्यातही गाडीपेक्षा ती चालवणारा माणूस मला जास्त हवा असतो.

हे खूळ शाळेपासूनचं. २००५ साली नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या पिवळ्या गाडीत बसला, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय, तेव्हा आमच्या केबलवाल्याकडे स्पोर्ट्सचं चॅनल एक दिवसाआड दिसायचं. त्या वर्षी इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीमुळे मिशलिनवाल्या सगळ्या गाड्या शर्यत सुरू व्हायच्या आत पिटमध्ये परतल्या, सहाच गाड्या धावल्या आणि कार्तिकेयन चौथा आला. लोक हसले. मी पेपरातलं कात्रण वहीत चिकटवलं होतं. फोटोत फक्त हेल्मेट होतं. त्या काचेआड माणूस काय करत असेल याचं कुतूहल तेव्हापासूनचं.

२०१३ ला कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. भारतातली तिसरी आणि आजवरची शेवटची फॉर्म्युला वन ग्रां प्री. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आणि एक स्वस्तातली २५० पर्यंतची झूम. सेबास्टियन फेटल तिथे तिसऱ्यांदा जिंकला, त्याच दिवशी त्याचं चौथं जगज्जेतेपद पक्कं झालं. नियम मोडून त्याने मेन स्ट्रेटवर गोल गोल गाडी फिरवून धूर काढला, मग उतरून त्या गाडीपुढे हात जोडून वाकला. आमचं तिकीट स्वस्तातलं. आम्हाला लांबून धूर दिसला, बाकी सगळं मोठ्या पडद्यावर. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तर फेटल म्हणजे निळ्या डागावरचा एक ठिपका. तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी लांब लेन्स घ्यायची. मध्ये लग्न, घराचा हप्ता वगैरे. दहा-बारा वर्षं गेली.

तर लेन्स. सुरुवातच वाईट झाली. एप्रिलमध्ये बायपासवर उभा राहून दुपारी ट्रकांवर हात साफ करायला गेलो. शंभर मीटरवरच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येईना. सगळं पाण्याखाली असल्यासारखं. फोकस चुकतोय म्हणून पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली, त्याने कॅलिब्रेशनचे पैसे घेतले आणि लेन्स होती तशीच परत आली. मग एक दिवस सकाळी उजाडल्या उजाडल्या कंबर तलावावर सहज नेली आणि पलीकडच्या काठावरच्या माणसाच्या स्वेटरची वीण दिसली (एप्रिलात स्वेटर, हो, आहेत असे लोक).

दोष हवेचा होता. तापलेल्या डांबरावरून गरम हवा वर येते, तिची घनता जागोजागी वेगळी, त्यातून प्रकाश वाकडातिकडा होत येतो. मृगजळ याच कारणाने दिसतं. साध्या लेन्सला ते जाणवत नाही; ६०० वर, त्यातही माझ्या कॅमेऱ्याच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर म्हणजे ९०० च्या हिशोबाने, ती थरथर तितकीच मोठी होऊन येते. कुठलाही फोकस, कितीही महागाची काच यावर चालत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात दहानंतर डांबरावर लांबचे फोटो काढू नका, काढायचेच तर जवळ जा. दुरुस्तीवाल्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

मेपासून सकाळी साडेसहाला विजापूर रोडच्या कडेला उभं राहून सराव सुरू केला. इथे एक गंमत झाली. लांबून येणारे दुचाकीवाले मला बघून हळू व्हायचे, काहीजण गाडी थांबवून हेल्मेट घालायचे. त्यांना वाटायचं, स्पीडचा कॅमेरा लावलाय. मला वेग हवा आणि समोरचे सगळे वीसच्या स्पीडने अदबीने चाललेत. शेवटी कडुलिंबाच्या झाडाआड उभा राहू लागलो, तर तिसऱ्याच दिवशी गस्तीवरच्या हवालदारांनी विचारलं, "कुठल्या खात्याचे ओ साहेब?"

सराव पॅनिंगचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शटर सेकंदाच्या १/१००० वर ठेवून धावत्या मोटारसायकलचा फोटो काढला की चाकाचे आरे मोजता येतात, आणि गाडी स्टँडवर लावून ठेवल्यासारखी दिसते. वेग दिसायचा तर शटर हळू ठेवायचं, १/१२५, १/६०, आणि गाडीच्या वेगाने लेन्स फिरवत नेत मध्येच बटण दाबायचं. गाडी स्वच्छ, मागचं जग ओढलेलं. ऐकायला सोपं आहे. दोन किलोची नळी कमरेतून सपाट फिरवायची असते, हाताने नाही. पाय जिथे फोटो काढायचा त्या दिशेला रोवायचे आणि येणाऱ्या गाडीकडे फक्त कंबर वळवायची. पहिल्या महिन्यात शंभरात दोन फोटो बरे यायचे. आता १/१२५ ला दहा-बारा येतात, १/६० ला चार. लेन्सचं स्टॅबिलायझर मोड २ वर ठेवा, म्हणजे ते फक्त वरखाली हलणं सावरतं. मोड १ वर ते तुमचं फिरवणंसुद्धा हादरा समजून रोखायला बघतं आणि सगळा घोळ होतो. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. लेन्ससोबत माहितीपुस्तक नव्हतं.

उन्हात आणखी एक अडचण. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला १/६० हवं तर छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करावं लागतं. तिथे चित्र मऊ पडतंच, शिवाय सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात काळा ठिपका होऊन उमटतो. उपाय प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर, पण ९५ मिलिमीटरच्या चांगल्या फिल्टरची किंमत ऐकून मी दुकानात खाली बसलो. लेन्सच्या बजेटमध्ये तो धरूनच चाला.

आधारासाठी बीनबॅग लागते. शेजारच्या अक्कांनी टॉवेलच्या कापडाची शिवून दिली. त्यांच्या घरी पॉवरलूम, कापडाला तोटा नाही. आत भरायला मी मंगळवेढ्याची ज्वारी घेतली, तीन किलो. लेन्स त्यावर अशी बसायची की काय सांगू. जुलैत कॅमेऱ्याच्या बॅगेतून टोके निघाले. बायकोने ती ज्वारी आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तो फोटो काढायची माझी हिंमत झाली नाही. आता आत प्लास्टिकचे दाणे आहेत.

ऑगस्टमध्ये लेन्सला खरं काम मिळालं. मुंबई-चेन्नईच्या गाड्या सोलापूरवरूनच जातात, त्यामुळे रात्रीची गाडी धरली. चेन्नईहून बेंगळुरू हायवेने श्रीपेरुंबुदुरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई. तिथलं सर्किट १९९० पासूनचं, ३.७ किलोमीटरचं, राष्ट्रीय स्पर्धेच्या बाइक रेस तिथे होतात. मी प्रेक्षक म्हणून, म्हणजे जाळीच्या अलीकडून. जाळीशी लेन्स चिकटवली आणि छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की तारा चित्रात विरून जातात, पण फोकस मात्र सारखा तारेवर येऊन अडकतो. लेन्सवर फोकसची हद्द बांधायचा स्विच आहे, दहा मीटर ते अनंत. तो लावला आणि तारा तिला दिसेनाशा झाल्या. या एका स्विचसाठी मी तिचे बाकीचे गुन्हे माफ करतो.

दोन दिवसांत २३०० फोटो, त्यातले ४१ ठेवले. त्यातला एक सांगतो. पहिल्या वळणावर एक मुलगा बाइक इतकी झोपवून आला की गुडघा रस्त्याला घासत होता. ४२० मिलिमीटर, १/१६०. बाइक वळणाच्या मध्यावर, पुढचं चाक उजवीकडे, आणि मुलाची मान? मान पार वळून पुढच्या वळणाकडे. शरीर इथे, नजर दोनशे मीटर पुढे. हेल्मेटच्या काचेतून एक डोळा दिसतो, अर्धा मिटलेला. मी ते शंभर टक्क्यांवर मोठं करून बघत बसलो. परत इतर फोटो काढून पाहिले तर सगळ्यांची मान तशीच. पहिल्या तिघांची जरा जास्त लवकर वळलेली. शेवटच्या काही जणांची नजर समोरच्या बाइकवर होती. वीस वर्षं टीव्हीवर शर्यती पाहतोय, हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण टीव्हीचा कॅमेरा बाइक दाखवतो. तेव्हापासून फोकसचा ठिपका मी मशीनवरून काढून हेल्मेटवर ठेवतो. हुकतो जास्त, पण येतो तो फोटो माणसाचा असतो.

फॉर्म्युला गाड्यांत हे सुख आता कमी झालंय. २०१८ पासून फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हेलोची कमान आली, पाठोपाठ खालच्या वर्गांतही. फोटोवाल्याच्या दृष्टीने ती बरोबर नको तिथे आडवी येते. मीही कुरकुर केली होती. मग २०२० साली बहारीनला रोमां ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, आग लागली, आणि तो त्यातून चालत बाहेर आला. डोकं त्या कमानीने वाचवलं. तो स्वतः आधी हेलोच्या विरोधात होता. त्यानंतर माझी कुरकुर बंद.

इलेक्ट्रॉनिक शटर या कामाला वापरू नका. आवाज नाही म्हणून मी एक अख्खी शर्यत त्यावर काढली. सगळे खांब तिरपे, चाकं लंबगोल. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात चित्र सरकलेलं असतं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी झाक-आंरी लार्तीग नावाच्या विशीही न गाठलेल्या फ्रेंच पोराने ग्रां प्रीतल्या गाडीचा फोटो काढला, त्यात चाक पुढे झुकलेलं आणि प्रेक्षक मागे कललेले आलेत. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट हळू सरकायची आणि त्याचं पॅनिंग गाडीइतकं वेगात झालं नाही. त्याला तो फोटो फसलेला वाटला होता, आज जगभर वेगाचं चित्र म्हणून दाखवतात. माझे फसलेले नुसतेच फसलेले आहेत.

आता उरलेल्या तक्रारी भराभर. खाली तोंड करून चाललं की नळी आपल्या वजनाने लांब होत जाते, म्हणून १५० वर लॉक लावूनच चालायचं. झूम करताना ती पंपासारखी हवा ओढते, हवेबरोबर धूळ. आपल्याकडे धुळीची ददात नाही, आत सात-आठ कण दिसतात, फोटोत काही फरक पडत नाही. बुरशी मात्र नाही, कोरड्या हवेचा तेवढा फायदा. चेन्नईला सर आली तेव्हा लॉजमधली अंघोळीची प्लास्टिक टोपी लेन्सला घातली, भागलं. संध्याकाळी सहानंतर एफ ६.३ चा काही उपयोग नाही. २०२४ ला चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली, तशा ठिकाणी ही घेऊन जाऊ नये.

गेल्या महिन्यात सांगोल्याकडे बैलगाडा शर्यतीचं मैदान होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात या शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरल्यापासून मैदानं जोरात आहेत. तिथेही गट, सेमी, फायनल असतं आणि गाडा हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात, हे मला फार आवडतं. फायनलला मी ५०० वर, १/२०० ला, चेन्नईत शिकलो तसा ठिपका ड्रायव्हरच्या तोंडावर ठेवला. आला फोटो. भुवया धुळीने पांढऱ्या, दात आवळलेले, कासरा मुठीला दोन वेढे, आणि नजर बैलांच्या शिंगांवरून पार निशाणापर्यंत गेलेली. नऊ महिन्यांतला माझा सगळ्यात चांगला फोटो. फोन नंबर शोधून संध्याकाळी त्या पोराला पाठवला. त्याने तो बैलाच्या मालकाला पाठवला असावा, कारण रात्री साडेनऊला मालकांचाच फोन.

"दादा, फोटो एक नंबर आलाय ओ."

म्हटलं, आभारी आहे.

"पण बैल कुठंय?"

मी सांगायचा प्रयत्न केला की लेन्स लांबची आहे, चौकटीत तेवढंच मावतं, मला ड्रायव्हरचा चेहरा हवा होता. ते शांतपणे ऐकून घेत होते.

"ड्रायव्हर दर मैदानाला बदलतो ओ," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत मैदान हाय, या. पण तेवढं जरा लांबून काढा."

लॉक १५० वरच ठेवून जाणार आहे.