नऊ महिन्यांच्या वापरानंतर: भरलेले बूट पार्टिशन आणि न घेतलेली डिस्क

जुन्या लॅपटॉपवर डेबियन कुळातील लिनक्स टाकून नऊ महिने झाले. वेग, बॅटरी आणि मराठी टंकलेखन यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिहायला बसलो आहे तो गेल्या महिन्यात एका सकाळी पडद्यावर येऊन थांबलेल्या ओळीमुळे: 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. म्हणजे लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलला मुख्य (रूट) फाइलसिस्टिम जोडता आली नाही आणि मशीन तिथेच थांबले.

त्या ओळीच्या वर 'रूट=' हा पर्याय दुरुस्त करण्याची सूचना होती आणि उपलब्ध पार्टिशनांच्या यादीत माझ्या डिस्कचे नावच नव्हते. दुरुस्तीच्या दुकानातील तंत्रज्ञाने पडद्याचा फोटो पाहूनच डिस्क गेल्याचे सांगितले. नव्या एसएसडीचे मजुरीसह साडेचार हजार रुपये होतील आणि जुना डेटा मिळेलच असे नाही, असेही तो म्हणाला. मशीन उघडूनही न पाहता दिलेला हा निर्णय मला आजही खटकतो, कारण ग्रबचा (सुरुवातीला कर्नल निवडून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणि खुद्द कर्नल त्याच डिस्कवरून वाचले जात होते.

घरी येऊन ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडला. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासफ्रेज (ती उघडण्याचा सांकेतिक शब्दसमूह) विचारला गेला आणि मशीन नेहमीसारखे सुरू झाले. मग पुन्हा ग्रबमध्ये जाऊन जुन्या-नव्या दोन्ही कर्नलच्या नोंदी 'ई' दाबून तपासल्या. जुन्या नोंदीत 'लिनक्स'च्या ओळीखाली 'इनिटआरडी'ची, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या इनिट्रॅमएफएस फाइलची, ओळ होती. नव्या नोंदीत ती नव्हतीच.

तोपर्यंत मी त्या संदेशाला दिशाभूल करणारा समजत होतो. ते मत मला बदलावे लागले. कंसातील आकडे म्हणजे उपकरणाचा मेजर आणि मायनर क्रमांक. तेथे (८,१) असते, तर 'एसडीए१' हे पार्टिशन सापडले पण त्यावरील फाइलसिस्टिम वाचता आली नाही, असा अर्थ झाला असता. (०,०) याचा अर्थ कर्नलला रूटचे उपकरणच ओळखता आले नाही. माझ्या सिस्टिमवर डिस्कचा ड्रायव्हर आणि एन्क्रिप्शन उघडण्याची साधने इनिट्रॅमएफएसमध्ये असतात. तीच फाइल नसल्यामुळे यादीत डिस्क दिसली नाही आणि पासफ्रेजही विचारला गेला नाही. संदेश अचूक होता. सुरुवातीच्या 'एसीपीआय'च्या (वीज व हार्डवेअर व्यवस्थापनाच्या) त्रुटी मात्र पहिल्या दिवसापासून दिसतात आणि त्यांच्यामुळे माझे काहीच अडलेले नाही.

फाइल का बनली नाही, याचे उत्तर एपीटीच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'टर्म.लॉग'मध्ये मिळाले: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. एन्क्रिप्टेड इन्स्टॉलेशनमध्ये वेगळे केलेले माझे बूट पार्टिशन (कर्नल आणि इनिट्रॅमएफएस ठेवण्याचा डिस्कचा भाग) जेमतेम पाचशे एमबीचे होते. मी नऊ महिने जुने कर्नल काढलेच नव्हते; पाच आवृत्त्या साठल्या आणि सहावीला जागा उरली नाही. ही हयगय माझी आहे. परंतु अडीचशे जीबीच्या डिस्कवर एवढे अपुरे पार्टिशन आपोआप आखले जावे आणि अर्धवट बसलेला कर्नल मेनूत पहिला यावा, हे मला मुळीच पटत नाही.

दुरुस्तीला वीस मिनिटेही लागली नाहीत. जुन्या कर्नलवरून मशीन सुरू ठेवून 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' चालवून जुने कर्नल काढले, 'डीएफ -एच' ने मोकळी जागा पाहिली, नव्या आवृत्तीसाठी 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के' देऊन ती फाइल बनवली आणि शेवटी 'अपडेट-ग्रब'ने मेनू पुन्हा तयार केला. चालू असलेला कर्नल काढायचा नाही, एवढे पथ्य पाळावे.

त्यानंतर इनिट्रॅमएफएसमध्ये फक्त लागणारेच ड्रायव्हर घेणारी 'मॉड्यूल्स=डेप' ही सेटिंग करूनही पाहिली. त्यामुळे ती फाइल सुमारे पंचाहत्तर एमबीवरून तीसवर आली, पण ती याच मशीनच्या हार्डवेअरपुरती बनते; लॅपटॉप बंद पडला तर हीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावून काम चालवण्याचा माझा विचार आहे. म्हणून ती सेटिंग पुन्हा 'मोस्ट'वर (बहुतेक ड्रायव्हर घेण्यावर) नेली, दोनच कर्नल ठेवतो आणि प्रत्येक अपडेटआधी बूट पार्टिशनमधील जागा पाहतो.