लेकीचा कराटे क्लास, आठ-नऊ महिन्यांनंतर (बडोदा)
मुलगी सहा वर्षांची. दिवाळीनंतर दांडिया बाजारातल्या एका शोतोकान (कराटेची एक शैली) क्लासला घातली. सासरे इथल्या ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ या जुन्या व्यायामशाळेत घडलेले, तिचे संस्थापक प्रोफेसर माणिकराव यांचं नाव आजही आदरानं घेतात. नातीनं मल्लखांब शिकावा ही त्यांची इच्छा. पण वेळा जुळल्या त्या कराटेच्या.

लाथा-ठोसे तिला पहिल्या दिवसापासून आवडले. मला मोलाचं वाटतं ते थांबणं. 'योई' म्हटलं की तयार उभं राहायचं, 'हाजिमे' ऐकेपर्यंत जराही हलायचं नाही, आणि 'यामे' आलं की जिथल्या तिथे. मनात आलेली हालचाल आवरणं हे कपाळामागच्या मेंदूचं काम. तो भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. सहा वर्षांच्या मुलीला हा सराव तासाभरात कितीदा तरी मिळतो.

दुसरं म्हणजे काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली. पहिल्या 'हेइआन शोदान'मध्ये २१ हालचाली आहेत. डावीकडे वळून हात खाली झाडायचा, एक पाऊल पुढे टाकून ठोसा, मग उजव्या अंगानं पूर्ण मागे वळायचं. या वळणावर ती कित्येक आठवडे अडखळत होती. पाय आधी फिरायचा, नजर मागाहून, आणि तोल जायचा. एक हात झाडताना दुसरा कमरेकडे ओढायचा, त्यात पुढची चालही ध्यानात ठेवायची! हा मेळ बसवण्यात डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि तो घोटल्याशिवाय बसत नाही. आता आधी मान वळते, मग कंबर, मग पाय. घरी चड्डी घालताना ती भिंत धरत नाही. पत्त्यांत पाळी येईपर्यंत हात आवरते.

अक्षर मात्र होतं तसंच आहे. आणि थोडा फरक वयानंही पडला असणार, हे मी धरून चालते. म्हणूनच लेक्स आणि हॉइट यांचा २००४चा अमेरिकेतला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. बालवाडी ते पाचवीच्या मुलांना तीन महिने तायक्वांदो या कोरियन युद्धकलेवर आधारलेलं शिक्षण दिलं. नेहमीच्या पीटीच्या मुलांपेक्षा त्यांचा स्वतःवरचा ताबा, वर्गातली वागणूक आणि तोंडी गणित सुधारलं. मुलांना फायदा मुलींपेक्षा जास्त झाला, हे वाचून वाईट वाटलं. तिथे मुलं स्वतःला विचारायची: मी कुठे आहे, काय करतेय, काय करायला हवं? हे आमच्या क्लासमध्ये नाही, पण घरी मी ते सुरू केलंय आणि चिडचिडीच्या वेळी त्याचा खरंच उपयोग होतो.

तक्रार आहे ती बेल्टच्या परीक्षांची. फार लवकर लवकर होतात, फी वेगळी, आणि काता कच्चा असला तरी पोरं पास. लहानग्यांसाठी क्लास निवडताना भिंतीवरची मेडल्स बघू नका. एक तास बसून सर चुकलेलं पाऊल पुन्हा करून घेतात का ते बघा. आमचे घेतात, म्हणून टिकलो.

आता कुमितेचा, म्हणजे समोरासमोरच्या लढतीचा, फॉर्म आलाय. डोक्यावर वार चालत असेल तर तिला उतरवणार नाही. हेल्मेटनं मेंदूला बसणारा हिसका थांबतो याची खात्री नाही. सरांना तसं कळवलंय, ते काताच पुढे शिकवायला तयार आहेत.