वांग्यासाठी कामगंध सापळे: कडोलीच्या शिवारातला अनुभव

20 गुंठे वांगी. शेंडे माना टाकायला लागले तसे बेळगावातून 10 सापळे आणले. आत एवढीशी रबरी गोळी, आपल्या नाकाला वासही येत नाही. पण शेंडा पोखरणाऱ्या अळीच्या मादी पतंगाचा गंध तिच्यात भरलेला असतो. रात्री नर तिलाच मादी समजून येतात आणि खालच्या साबणपाण्यात पडतात. पहिल्या सकाळी 14 मोजले, मी बांधावरच बसून राहिले. असा पहिला गंध 1959 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी ओळखला, तेव्हा रेशीमपतंगाच्या सुमारे 5 लाख माद्या लागल्या होत्या!

एका सापळ्याचं बूड गळकं निघालं, दुकानदारानं बदलून दिलं नाही. पाकिटावर मराठीचं अक्षर नाही, थोरलीनं कन्नड वाचून सांगितलं. महिन्यानं गोळी बदलाच, आणि औषधाचे हात तिला लावू नका. सापळा शेंड्यांच्या जरा वर हवा. पीक वाढेल तसा वर सरकवायचा.

अळी आत शिरली की सापळ्याचा इलाज चालत नाही. म्हणून सुकलेले शेंडे मी रोज खुडतेच. तरी फवारण्या 6 वरून 2 वर आल्या. पुढच्या हंगामात रताळ्यातल्या सोंड्या भुंग्यासाठीही आणणार.